रोग्याच्या उशाशीं ग्रंथपाल

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या कन्येनें ग्रंथालयशास्त्राची पदवी चांगल्या रीतीनें संपादन केली असून, एका मोठ्या रुग्णालयाच्या ग्रंथालयांत तिला जागा मिळण्याचा योग आला आहे. मुलीची इच्छा आहे, वडिलांची ना नाहीं. अडून बसल्या आहेत त्या आजीबाई. त्यांचें म्हणणें असें कीं, "रोग्यांच्या घरांत पुस्तकें कोण वाचतो? डॉक्टर औषध देतो, परिचारिका उशाशीं बसते, त्यांचें काम डोळ्यांना दिसतें तरी. ही पोर तेथें बसून कपाटांवरची धूळ झटकणार काय?" आजीबाईंस काय उत्तर द्यावें, असें त्या भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे.

आजीबाईंच्या प्रश्नास हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आम्हीहि पुष्कळ वर्षें तसेंच समजत होतों. रुग्णालयांतील ग्रंथालय म्हणजे विद्यार्थ्यांनीं परीक्षेपूर्वीं झोप आवरीत बसावयाची एक जागा, आणि ग्रंथपाल म्हणजे तिची किल्ली संभाळणारा मनुष्य, अशी आमची समजूत होती. ती समजूत एका रात्रींत गेली. ती रात्र आम्हीं राणीसावरगांवीं काढली, आणि गंमत अशी कीं, त्या गांवीं तेव्हां वैद्यकीय ग्रंथालय तर नव्हतेंच, पण जवळपासहि कोठें नव्हतें.

राणीसावरगांव हें परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यांत आहे. गंगाखेड म्हणजे गोदावरीच्या कांठचें संत जनाबाईंचें गांव. तेथून दक्षिणेकडे वळलें म्हणजे जमीन चढूं लागते, काळी माती विरळ होत जाते आणि बालाघाटचा दगड वर येतो. आमचे एक आतेबंधु तेथें शेती पाहून असत. १९९४ सालच्या वैशाखांत आम्ही त्यांच्याकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीस सालगड्याचा नऊ वर्षांचा मुलगा बैलांसाठीं कडब्याची पेंढी ओढीत असतां त्याच्या बोटास विंचू चावला. विंचू तांबडा होता व लहानसाच होता. पहिल्यानें पोर ठणक्यानें ओरडलें. पण अर्धाएक तास गेला असेल नसेल, तों त्याचें ओरडणें थांबलें. त्याला दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या होऊं लागल्या आणि त्याचे हातपाय गार पडत चालले.

ओसरीवर मंडळी जमली होतीच. कोणी म्हणाले मांत्रिकाला बोलवा, कोणी कांदा ठेचून लावा म्हणाले, आणि एका वृद्ध गृहस्थांनीं तर पोर गप्प झालें म्हणजे ठणका उतरला, असा निर्वाळाहि दिला. वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. त्यांनीं मुलाचे तळहात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, "हात गार पडलेत पोराचे. हें उतरणें नव्हे. ह्याला खांद्यावर घ्या आणि आधीं डॉक्टरांकडे चला." वहिनींच्या शब्दापुढें त्या घरांत कोणाचें चालत नसे, हें त्या मुलाचें नशीब.

गांवांत त्या वेळीं एक तरुण डॉक्टर सेवेस होते. त्यांनीं मुलाचा हात चेपून पाहिला, नाडी मोजली, रक्तदाब घेतला आणि लहानशी गोळी दिली. "ह्याला उठूं देऊं नका, बसवूंहि नका," एवढेंच ते म्हणाले आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. रात्रभर ते दर थोड्या वेळानें नाडी पाहत होते, रक्तदाब घेत होते, छातीवर नळी ठेवून कान देत होते; ठरलेल्या वेळानें पुन्हां गोळी देत होते. सालगडी दाराशीं उकिडवा बसला होता. त्यानें त्या रात्रीं एकहि शब्द उच्चारला नाहीं. पहांटे केव्हांतरी डॉक्टरांनीं मुलाचें पाऊल हातांत घेतलें आणि त्यास म्हणाले, "बघा, ऊब आली." बापानें हात लावून पाहिला, आणि मग मात्र तो रडला.

सकाळीं वहिनींनीं डॉक्टरांसाठीं चहा पाठविला. तो घेत असतां आम्हीं त्यांचें अभिनंदन केलें, तेव्हां त्यांनीं मेजाच्या खणांतून एक तपकिरी लिफाफा काढून आमच्यापुढें टाकला. "माझें काय अभिनंदन करतां? ह्याचें करा," ते म्हणाले.

लिफाफ्याची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वीं ते दुसऱ्या एका गांवीं असतांना सहा वर्षांची एक मुलगी अशीच विंचू चावलेली त्यांच्याकडे आली होती. शिकतांना कानांवर पडलें होतें तेवढें सर्व त्यांनीं केलें. वावडें शमविणाऱ्या औषधाचें इंजेक्शन दिलें, सूज उतरविणारें दिलें. पहांटेपूर्वीं मुलीच्या तोंडास फेंस आला आणि ती गेली. लोक कांहीं बोलले नाहींत. विंचवानें माणूस जातो, हें त्यांना ठाऊक होतें. पण डॉक्टरांस झोप लागेना. आपल्या प्राध्यापकांस विचारावें तर लाज वाटे. अखेर त्यांनीं आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंस एक पत्र टाकलें कीं, विंचवावर कांहीं छापलेलें असल्यास पाठविण्याची कृपा करावी. आठ-दहा दिवसांत हा लिफाफा आला. आंत तीन लेखांच्या छायाप्रती होत्या आणि ग्रंथपालबाईंच्या हातची टीप होती. डॉक्टर म्हणाले, "मीं प्रथम लेखाखालचें साल पाहिलें, आणि खालींच बसलों. १९८६! माझ्या हातून ती मुलगी गेली तेव्हां उपाय छापून सहा वर्षें झालीं होतीं."

ती टीप आम्हीं पुन्हां पुन्हां वाचली. ती जवळजवळ पाठ झाली. त्यांत लिहिलें होतें कीं, आपण विंचवाविषयीं विचारलेंत. परंतु विंचू ह्या शब्दाखालीं फार थोडें मिळालें, म्हणून विष, दंश व हृदय ह्या तीन शब्दांखालींहि पाहिलें. आपल्याकडील तांबड्या विंचवाचें शास्त्रीय नांव जुन्या लेखांत एक आहे व नव्यांत दुसरें. दोन्हीं नांवांनीं शोध केला आहे. लेखांत सांगितलेलें औषध आपल्याजवळच्या पुस्तकांत रक्तदाबाच्या प्रकरणांत सांपडेल, विषांच्या प्रकरणांत पाहूं नये. आणि शेवटीं अधोरेखित असें एक वाक्य होतें: औषधाची मात्रा मूळ लेखावरून घ्यावी, ह्या टिपेवरून घेऊं नये.

ह्या शेवटच्या वाक्यानें त्या बाईंविषयीं आमचा आदर दुणावला. आपलें काम कोठें संपतें आणि डॉक्टरचें कोठें सुरू होतें, हें ज्याला इतकें स्पष्ट ठाऊक आहे, त्याच्या हातीं खुशाल किल्ली द्यावी.

आतां त्या लेखांचें मूळ कोठलें, तें सांगितलें पाहिजे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्याचेच, आजच्या जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचे. नागपुरास वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ सालीं ते कोंकणांत महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. तेथें तांबड्या विंचवानें माणसें मरत होतीं, मुलें तर फारच. जबर विष चढलेल्या शंभरांपैकीं तीस-चाळीस रोगी दगावत. बावस्करांनीं एकेका रोग्याच्या खाटेजवळ बसून घाम, ओकारी, नाडी व हातपायांचें तपमान ह्यांचें टिपण ठेवलें. मृत्यूच्या आधीं शरीर कोणकोणत्या खुणा दाखवितें, ह्यावरील त्यांचा निबंध १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें त्यांस आढळून आलें कीं, ह्या विषानें रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो व अखेर फुप्फुसांत पाणी भरतें. म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें रक्तदाबाचें औषध त्यांनीं योजिलें. तें वृत्त १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत आलें. मृत्यूचें प्रमाण शंभरांत सुमारें एकावर उतरलें. २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

आम्हांस विचार करण्यासारखें वाटतें तें असें. रोगी महाराष्ट्रांतला, डॉक्टर महाराष्ट्रांतला, विंचूहि महाराष्ट्रांतला. पण बिरवाडीचें ज्ञान राणीसावरगांवास यावयास लंडनमार्गे यावें लागलें. ह्यांत लंडनचा दोष नाहीं. शास्त्रीय ज्ञान पारखून घेण्याची पेठ जेथें असेल, तेथें तें प्रथम जाणारच. परंतु पेठेंतून तें परत खेड्यांत आणणारा कोणी तरी लागतो. बिरवाडीच्या डॉक्टरनें आपलें काम केलें, राणीसावरगांवच्या डॉक्टरनेंहि केलें. मधला सांधा त्या ग्रंथपालबाईंनीं जोडला, आणि तो सांधा नव्हता त्या सहा वर्षांत एक मुलगी गेली. किती गेलीं असतील, कोणास ठाऊक.

आणि हा सांधा जोडण्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. टिपेंतील तें दोन नांवांचें प्रकरणच घ्या. ह्या विंचवास प्राणिशास्त्रज्ञ पूर्वीं 'ब्यूथस टॅम्युलस' म्हणत, नंतर 'मेसोब्यूथस टॅम्युलस' म्हणूं लागले, आणि अलीकडे त्याला 'हॉटेन्टोटा टॅम्युलस' असें तिसरेंच नांव मिळालें आहे. विंचू तोच, नांगी तीच; पण ज्याला एकच नांव ठाऊक आहे, त्याच्यापुढें दोन-तृतीयांश ज्ञान असून नसल्यासारखें. आपल्याकडे सासरचें नांव ठाऊक नसल्यामुळें बालमैत्रिणीचा पत्ता लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

नांव ठाऊक नसणें म्हणजे काय, ह्याचें एक मोठें उदाहरण आपल्या जुन्या निजामी मुलुखांतच घडलें आहे. १९४८ पर्यंत परभणी ज्या राज्यांत होती, त्याच राज्यांतील सिकंदराबादच्या छावणींत रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर १८९७ सालीं डांसांचीं पोटें चिरून पाहत होते. २० ऑगस्टच्या दिवशीं त्यांस एका डांसाच्या जठरांत हिंवतापाचा परोपजीवी दिसला. पण तो डांस कोणत्या जातीचा, हें त्यांना सांगतां येईना. जाति ओळखण्याजोगें पुस्तकच जवळ नव्हतें. म्हणून त्यांनीं आपल्यापुरतीं घरगुती नांवें पाडलीं होतीं: करडे डांस, पट्ट्यांचे डांस, आणि ठिपकेदार पंखांचे डांस. हे शेवटचे म्हणजे ॲनॉफिलीस. त्यापूर्वीं दोन वर्षें ते ज्या करड्या व पट्ट्यांच्या डांसांमागें लागले होते, त्यांत हा रोग वाढतच नाहीं. ह्या सगळ्या काळांत त्यांचें ग्रंथालय म्हणजे लंडनच्या डॉ. पॅट्रिक मॅन्सन ह्यांचीं पत्रें. परदेशांत कोण काय शोधून काढीत आहे, कोणाचा निबंध कोठें आला आहे, हें मॅन्सन टपालानें कळवीत. लाव्हरां ह्या फ्रेंच डॉक्टरनें हा परोपजीवी १८८० सालींच पाहिला होता. रॉस मात्र १८९४ पर्यंत त्यावर विश्वास ठेवावयास तयार नव्हते, आणि मॅन्सननेंच लंडनमध्यें त्यांना तो सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला. मॅन्सन मोठे डॉक्टर होते हें खरें. पण रॉसपुरतें त्यांनीं जें काम केलें, त्यांतलें अर्धें ग्रंथपालाचें होतें असें आम्ही म्हणूं.

हें काम कोणा एका मित्राच्या मर्जीवर न ठेवतां रीतसर करावें, ही कल्पना अमेरिकेंतील जॉन शॉ बिलिंग्ज ह्या लष्करी शल्यवैद्याची. लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचा भार त्याच्याकडे होता. जगांत छापल्या जाणाऱ्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूचि दरमहा काढावयास त्यानें १८७९ सालीं आरंभ केला. 'इंडेक्स मेडिकस' हें तिचें नांव. ती मधून मधून बंद पडत, रूप पालटीत, थेट २००४ पर्यंत छापली जात होती. आमच्या ग्रंथपालबाईंनीं १९९२ सालीं विंचू, विष, दंश, हृदय असे चार शब्द चाळले, ते ह्याच प्रकारच्या जाड खंडांत. पुढें ती सूचि यंत्रांत गेली, आणि १९९७ पासून 'पबमेड' ह्या नांवानें ती साऱ्या जगास विनामूल्य खुली झाली. आज आजीबाईंची नातहि ती आपल्या दूरध्वनीवर पाहूं शकेल.

मग ग्रंथपाल कशाला, असें कोणी म्हणेल. ह्याचें उत्तर २००१ सालीं बाल्टिमोर शहरीं मिळालें, आणि तें फार महाग पडलें. तेथील जॉन्स हॉपकिन्स ह्या जगप्रसिद्ध संस्थेंत दम्याविषयीं एक संशोधन चाललें होतें. निरोगी माणसांस 'हेक्सामेथोनियम' नांवाचें एक जुनें औषध हुंगावयास देऊन श्वासनलिका कशी वागते, तें पाहावयाचें होतें. स्वयंसेवकांपैकीं चोवीस वर्षांची एक तरुणी त्यानंतर आजारी पडली, तिचीं फुप्फुसें निकामी झालीं आणि जूनच्या आरंभीं ती वारली. तिला कसलाहि रोग नव्हता. दुसऱ्यांचा रोग बरा व्हावा म्हणून ती पुढें आली होती. चौकशींत दिसून आलें कीं, ह्या औषधानें फुप्फुसांस इजा होते, असे लेख १९५० नंतरच्या दहा वर्षांत छापले गेले होते. संशोधकानें शोध केला होता. पण ज्या यंत्रसूचींत त्यानें मुख्यतः पाहिलें, तींत त्या वेळीं १९६६ च्या मागचे लेख नव्हते. जुने खंड कपाटांत होते. ते उघडावे, हें सांगणारें त्या वेळीं कोणी जवळ नव्हतें.

यंत्र जें सांगतें त्यापेक्षां यंत्रांत काय नाहीं, हें ठाऊक असणें अधिक मोलाचें आहे, आणि तें ठाऊक असणें हा ग्रंथपालाचा धंदा आहे. अलीकडे तर प्रश्न टाकला कीं सबंध उत्तरच लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं कित्येकदां जे लेख कोणीं कधीं लिहिलेच नाहींत, त्यांचींहि नांवें, सालें व पृष्ठें मोठ्या आत्मविश्वासानें देतात. आमच्या लहानपणीं असे गृहस्थ गांवोगांवीं असत. त्यांना आम्ही विद्वान् म्हणत नसूं.

आजीबाईंनीं उशाशीं बसण्याची गोष्ट काढली आहे. तर तेंहि घडून आलें आहे. १९७१ सालीं अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें गर्ट्रूड लँब ह्या विदुषीनें ग्रंथपालांस कपाटांमधून उठवून थेट डॉक्टरांच्या फेरीबरोबर रोग्यांच्या खोल्यांतून नेण्याची प्रथा पाडली. डॉक्टरमंडळी खाटेभोंवतीं उभीं राहून चर्चा करतात, कोणी म्हणतो असें असेल, कोणी म्हणतो तसें. ग्रंथपाल तो प्रश्न टिपून घेतो आणि नंतर त्यावरचे निवडक लेख काढून आणून देतो. डॉ. रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम सांगितले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. येथें तर वाचकाचा वेळ म्हणजे रोग्याचा वेळ.

ह्याचा लाभ मोजण्याचाहि प्रयत्न झाला आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील रोचेस्टरच्या परिसरांत पंधरा रुग्णालयांतील डॉक्टरांना, आपल्या समोरच्या एका रोग्याविषयीं कांहीं प्रश्न ग्रंथालयाकडे पाठवा व उत्तर आल्यावर काय फरक पडला तें कळवा, अशी विनंति करण्यांत आली. १९९२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. उत्तर देणाऱ्या २०८ डॉक्टरांपैकीं शेंकडा ८० जणांनीं सांगितलें कीं, ग्रंथालयाच्या माहितीमुळें आपण रोग्याच्या बाबतींत कांहींतरी निराळें केलें. शेंकडा ४५ जणांनीं औषध बदललें. शेंकडा २१ जणांच्या मतें शस्त्रक्रिया टळण्यास, आणि शेंकडा १९ जणांच्या मतें मृत्यु टळण्यास त्या माहितीचें साह्य झालें. हे आंकडे डॉक्टरांच्या स्वतःच्या सांगण्यावरचे आहेत, तराजूनें तोललेले नव्हेत, हें आम्ही विसरत नाहीं. पण डॉक्टरमंडळी दुसऱ्याला श्रेय देण्यांत फारशी उधळी नसतात, हाहि आमचा अनुभव आहे.

रोग्याच्या घरच्या माणसांचें काय? डॉक्टर दोन मिनिटें बोलतात; घरीं आल्यावर निम्में आठवत नाहीं, आणि उरलेल्या निम्म्यावर शेजारणीचा व दूरध्वनीवर येणाऱ्या संदेशांचा मारा सुरू होतो. आमच्याच घरीं मधुमेहावर कारल्यापासून कापरापर्यंत किती उपाय आले, त्यांची मोजदाद आम्हीं सोडून दिली आहे. मुंबईंत डॉ. अनिरुद्ध व डॉ. अंजली मालपाणी ह्या दांपत्यानें १९९७ सालीं केवळ रोगी व त्यांचे आप्त ह्यांच्यासाठीं आरोग्यविषयक विनामूल्य ग्रंथालय काढलें, तें ह्याच अडचणीवर. अशा ठिकाणचा ग्रंथपाल निदान करीत नाहीं, औषध सुचवीत नाहीं. कोणीं काय विचारलें तें दुसऱ्यापाशीं बोलत नाहीं. अमक्याच्या सुनेनें कोणत्या रोगाचें पुस्तक मागितलें, हें गांवभर होऊं लागलें तर उद्यां कोणी प्रश्न विचारावयास यावयाचें नाहीं. पुस्तक कोणत्या सालचें, तें कोणीं लिहिलें, त्यांत विकणाराचा स्वार्थ आहे काय, एवढें पाहून तें हातीं देणें हें त्याचें काम. जी मुलगी गुपित राखूं शकते आणि उत्तर ठाऊक नसल्यास तसें सांगूं शकते, ती ह्या कामास योग्य.

परभणीकडची स्थिति आज कशी आहे? अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडास १९८८ पासून; लातुरास आहे, आणि २०२३ पासून खुद्द परभणीसहि झालें आहे. जेथें महाविद्यालय तेथें ग्रंथालय व ग्रंथपाल असावाच लागतो. २५ नोव्हेंबर १९२४ ला नव्हे, अगदीं कालपरवां, म्हणजे २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं मध्यवर्ती सरकारच्या मंत्रिमंडळानें 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, तीस प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था असा तिचा पसारा आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्र हें ना महाविद्यालय, ना संशोधनसंस्था. त्याच्या पदांच्या यादींत वैद्यकीय अधिकारी आहे, परिचारिका आहे, औषधनिर्माता आहे, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ आहे, ग्रंथपाल नाहीं. प्रत्येक खेड्यांत तो नेमावा, असें वेडें मागणें आम्ही मागणार नाहीं. जिल्ह्याच्या महाविद्यालयांतील ग्रंथपालाकडे खेड्यांतील डॉक्टरांचे प्रश्न घेण्याचें काम रीतसर सोंपवावें, दूरध्वनीचा एक क्रमांक द्यावा आणि उत्तर दुसऱ्या दिवशीं जावें, एवढ्यास काय खर्च येणार आहे? १९९२ सालीं एका बाईनें तें तिकिटें लावून केलें.

आणि एकदां पाठवून भागत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बावस्करांनीं स्वतःच पुढें आपल्या उपायाची पुन्हां परीक्षा घेतली. महाड येथें ७० रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत, नुसतें प्राझोसिन दिलेले रोगी बरे होण्यास सरासरी सुमारें अठरा तास लागले. प्राझोसिनबरोबर विंचवाचें प्रतिविषहि दिलें, तेव्हां आठ तास पुरले. हा निबंध २०११ सालीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत आला. म्हणजे ज्या लिफाफ्यानें आमच्या सालगड्याचा मुलगा वांचविला, तो लिफाफाच आतां अपुरा झाला होता. पुस्तक शिळें झालें हें पुस्तक आपण होऊन सांगत नाहीं.

आजीबाईंस आमचा निरोप असा कीं, त्यांनीं नातीस जाऊं द्यावें. धूळ झटकावी लागेलच. बाल्टिमोरच्या त्या जुन्या खंडांवरची कोणीं वेळेवर झटकली असती तर बरें झालें असतें.

त्या लिफाफ्याचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. डॉक्टरांची बदली झाली, तेव्हां जातांना त्यांनीं त्यांतील कागदांच्या प्रती वहिनींपाशीं ठेविल्या. वहिनींना इंग्रजी येत नाहीं. पण गांवांत नवीन डॉक्टर आला कीं आठवडाभरांत त्या कोणाच्या तरी हातीं कागद पाठवीत आणि वाचून झाल्यावर आठवणीनें परत मागवीत. गेल्या दिवाळींत आम्हीं राणीसावरगांवीं तो लिफाफा पुन्हां पाहिला. तो देवघराशेजारच्या फडताळांत, पंचांगाखालीं होता. आंत आतां चार लेख आहेत. चौथा २०११ सालचा, एका डॉक्टरीणबाईंनीं परत करतांना आपण होऊन घातलेला. लिफाफ्याच्या पाठीवर वहिनींनीं शाईनें, ठळक बाळबोध अक्षरांत, 'विंचू' असें लिहून ठेविलें आहे. आणि त्याखालीं, मागाहून सुचल्यासारखें, 'हात गार पडल्यास'.